चिंगी आणि शेजारचा भीमा

चिंगी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी आली तेव्हा 8 आठवड्यांची होती. पहिल्याच संध्याकाळी कुंपणाच्या जाळीपलीकडून भीमा भुंकला आणि ती माझ्या पायांमागे दडली. भीमा म्हणजे शेजारच्या काकूंचा 7 वर्षांचा कुत्रा, चिंगीच्या पाच-सहा पट तरी मोठा. त्याचा एक पंजा पडला तर हिचं काय होईल, याच विचाराने मी ती रात्र काढली.

डॉक्टरांकडे गेले तर वेगळाच पेच. लसींचे डोस 16 आठवड्यांपर्यंत चालणार, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट काम करत नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू तर मातीत महिनोन्महिने टिकतो. पण इतर कुत्र्यांशी कसं वागायचं हे पिल्लू शिकतं तेही साधारण 3 ते 14 आठवड्यांतच! मग थांबायचं कसं? डॉक्टर म्हणाले, लसी पूर्ण झालेला, निरोगी, शांत स्वभावाचा ओळखीचा कुत्रा असेल तर भेटू द्या. रस्त्यावर मात्र नको. काकूंनी भीमाचं लसींचं कार्ड आणून दाखवलं. चिंगीच्या पहिल्या लसीनंतर एक आठवडा गेला आणि आम्ही सुरुवात केली.

चार दिवस नुसती जाळीतून हुंगाहुंगी. मग आमच्या अंगणात, खेळणी आणि खाण्याची भांडी आधी उचलून ठेवून. दोघांचे पट्टे सैल सोडले होते. पट्टा ताणला की कुत्रंही ताणलं जातं, हे मला काकूंनी शिकवलं.

चिंगीने थेट भीमाच्या कानाला लोंबकळायला सुरुवात केली. तो गुरगुरला. मी घाबरून "भीमा!" म्हणून ओरडले, तर काकूंनी मलाच थांबवलं. "अगं, गुरगुरू दे त्याला. तो सांगतोय ते बंद केलंस तर उद्या न सांगता चावेल." हे वाक्य मी विसरलेले नाही.

सगळंच सुरळीत नव्हतं. एकदा भीमा जरा जास्तच रंगात आला आणि चिंगी उलटीपालटी झाली. काकूंनी त्याला धरून ठेवलं. चिंगी परत त्याच्याकडे गेली असती तर खेळ चालू ठेवायचा, असं आमचं ठरलेलं. ती शेपूट पोटाशी घेऊन खुर्चीखाली शिरली. त्या दिवशी खेळ तिथेच संपवला. दुसऱ्या दिवशी तीच जाळीपाशी जाऊन बसली, पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून: चल ना खेळायला!

पण मला खरं सांगायचंय ते दातांबद्दल. दुधाचे 28 दात, सुईसारखे. माझे हात ओरबाडून निघाले होते. ओरडून झालं, खेळणं पुढे करून झालं, काही उपयोग नाही. एके दिवशी तिने भीमाचा ओठ जोरात चावला. तो भुंकला नाही, चावला नाही. उठला, पाठ फिरवून जाऊन बसला. चिंगी त्याच्यामागे जाऊन कुईकुई करत राहिली, पंजा मारून पाहिला. बऱ्याच वेळाने अंग चोरत जवळ गेली आणि त्याच्या तोंडाचा कोपरा चाटला. तेव्हा कुठे भीमा आडवा झाला आणि पोट वर करून तिला अंगावर चढू दिलं. एवढा मोठा जीव, तिच्यासाठी मुद्दाम हरायचा. असं कितीतरी वेळा घडलं. तीन आठवड्यांनी ती माझं बोट तोंडात धरायची ते इतकं हलकं की ओलावा तेवढा जाणवायचा. मीही मग भीमासारखीच वागू लागले: जोरात चावली की गप्प उठून जायचं.

खेळ दहा मिनिटांचाच ठेवायचो. त्याहून वाढला की चिंगी पिसाळल्यासारखी करायची, आणि ते खेळणं नसून झोप आलेली असायची. पिल्लं दिवसाचे 18 तास सहज झोपतात.

आता ती 6 महिन्यांची आहे. परवा काकूंनी हाक मारली, तळहात उघडून दाखवला. भीमाच्या मानेवरच्या केसांत अडकलेला, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा दात. भीमा शेजारी बसून तो हात हुंगत होता.