दोबिन्यीच्या एचिंगमधलं पाणी

फ्रेंच निसर्गचित्रकार शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यीच्या (१८१७–१८७८) एचिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लाने खाल्लेल्या रेषांत शाई भरून कागदावर छापलेल्या चित्रांत, नदीचं पाणी जवळजवळ काढलेलंच नसतं. काठावरची झाडं, होडीची कड, त्यांची प्रतिबिंबं एवढ्याच रेषा; पाण्यावरचा उजेड म्हणजे निव्वळ कोरा कागद. त्याचं खरं कसब मला या सोडलेल्या जागेत दिसतं.

१८५७ मध्ये त्याने ‘बोतँ’ नावाची होडी घेतली. तिच्यावर खोली होती, तोच त्याचा स्टुडिओ. मुलगा कार्लला सोबत घेऊन तो सेन आणि वाझ नद्यांवर चित्रं काढत फिरायचा. या फिरण्यावरचा ‘व्हॉयाज आँ बातो’ (होडीतला प्रवास) हा एचिंगचा संच १८६२ मध्ये पॅरिसचा प्रकाशक कादार याने प्रकाशित केला. चित्रकार मोनेने स्वतःची स्टुडिओ-होडी केली ती यानंतर.

एचिंगसाठी तांब्याची प्लेट आधी खडूच्या पुडीने घासून घ्यावी लागते. तेलाचा अंश राहिला तर तांबं आम्लापासून वाचवणारा वरचा थर तिथे धरत नाही, आम्ल आत शिरतं आणि आकाशात नको ते ठिपके उमटतात. मेण, अस्फाल्ट आणि राळ यांचा पातळ थर गरम प्लेटवर पसरवायचा, मग मेणबत्तीच्या काजळीने तो काळा करायचा. सुईने थर खरवडला की तांबं चमकतं. म्हणजे छापात काळी येणारी रेष काढताना उजळ दिसते, शिवाय डावं-उजवं उलटतं; सहीसुद्धा उलटी करावी लागते.

रेष किती गडद येणार हे सुईच्या दाबावर कमी आणि आम्लात किती वेळ ठेवली यावर जास्त ठरतं. पलीकडच्या काठाची रेष थोडा वेळ खाऊ द्यायची, प्लेट बाहेर काढून धुवायची, तेवढ्या भागावर वार्निश लावायचं आणि पुन्हा आम्लात सोडायची. जवळची लव्हाळी सगळ्यांत शेवटपर्यंत आम्लात राहतात. नायट्रिक आम्लात रेषांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने हलवत राहिलं नाही तर आम्ल सगळीकडे सारखं लागत नाही आणि रेष तुटक येते. झाडाच्या सावलीत रेषा फारच दाट झाल्या तर मधलं तांबंही खाल्लं जातं. मग तिथे रुंद, उथळ खळगा होतो, त्यात शाई टिकत नाही आणि काळ्याऐवजी फिका करडा डाग छापला जातो. हे दुरुस्त करणं फार जिकिरीचं.

त्यानंतर सगळं छापणाऱ्याच्या हातात. रेषांत शाई भरून प्लेट पुसताना पाण्याच्या भागावर शाईचा पातळ पडदा ठेवला तर संध्याकाळ होते, स्वच्छ पुसली तर दुपार. त्या काळी पॅरिसमध्ये ओग्युस्त देलात्र असा पडदा ठेवण्यासाठी नावाजलेला होता. दोबिन्यीच्या बाबतीत मात्र स्वच्छ पुसलेली प्रतच मला पटते. पडदा दाट झाला की त्याने राखलेला कोरा कागदच झाकला जातो. एकाच प्लेटच्या दोन प्रती समोर असतील तर आधी नदीची सर्वांत उजळ जागा शोधा आणि तिथला कागद प्लेटच्या कडेबाहेरच्या समासाशी ताडून पाहा.