कानाच्या पाळीवरचा उजेड

ॲमस्टरडॅमला लेकीकडे गेले होते, तेव्हा राइक्सम्युझियममध्ये एका चित्रासमोर इतकी रेंगाळले की लेक दोनदा मला शोधत परत आली. चित्र केवढं, तर शाळेच्या वहीएवढं. २२.६ सेंटिमीटर उंच, १८.७ रुंद, लाकडी फळीवर केलेलं. साधारण १६२८ सालचं, डच चित्रकार रेम्ब्रांटनं काढलेलं स्वतःचंच व्यक्तिचित्र. तेव्हा तो २२ वर्षांचा होता, लायडनमधल्या एका गिरणीवाल्याचा मुलगा.

आमचे ड्रॉइंगचे सर सांगायचे, चेहऱ्याचा जीव डोळ्यांत, उजेड आधी तिथे न्या. या पोरानं डोळेच काळोखात ठेवलेत! खिडकी दिसत नाही, पण उजेड डावीकडून येतो आणि गालाच्या कडेवर, कानाच्या पाळीवर, मानेवर पडतो. नाकाच्या शेंड्यावर जरासा. कपाळ आणि डोळे सावलीत. मागे फिकट भिंत, बाकी काही नाही. आधी वाटतं, डोळे रंगवायचे राहूनच गेलेत. मग वीज गेल्यावर घरातल्या अंधाराला सरावते तशी नजर सरावते आणि कळतं, तो मघापासून आपल्याकडेच बघतोय. माझ्या अंगावर काटा आला.

आणि ते केस! ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याच्या टोकानं ओरखडे काढलेत. गडद थर खरवडून खालचा फिकट रंग वर आलाय, त्यामुळे कुरळ्या बटा उजेडात सुटून दिसतात.

त्याच संग्रहालयात त्याचं १६६१चं चित्रही आहे, संत पॉलच्या वेषातलं. तिथे उजेड पागोट्यावर आणि कपाळावरच्या आठ्यांवर आहे. थोरच आहे ते. पण मला जवळचं वाटलं हे छोटं. बाविसाव्या वर्षी स्वतःला असं अर्धं झाकून ठेवायचं धाडस कुठून आलं असेल?

डोंबिवलीला परतल्यावर सकाळी सातला खिडकी एका अंगाला, थोडी मागे ठेवून आरशासमोर बसले. दोनदा चित्र जमत आलं आणि दोनदा हाताला राहवलं नाही. डोळ्यांत पांढरा ठिपका दिला, की सावलीतली सगळी शांतता गेली. तिसऱ्या वेळी आधी कानाची पाळी पूर्ण केली आणि पॅलेटवरचा उरलेला पांढरा रंग फडक्यानं पुसून टाकला. मग डोळ्यांकडे वळले.