जांभळी फिल्म, नारिंगी फिल्म

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या सत्रात मॅडमनी माझ्यापुढे दोन छोट्या बाटल्या ठेवल्या. दोन्हींत पी३एचटी, म्हणजे वीज वाहून नेणारं एक पॉलिमर. "सूत्र दोन्हींचं एकच. पण एकीचा चांगला ट्रान्झिस्टर होतो, दुसरीचा नावापुरता. असं का, ते तू मला प्रोजेक्टमधून सांगायचंस."

मला वाटलं होतं की पदार्थ कोणता हे कळलं की त्याचे गुणधर्म कळले. सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन, तसं पी३एचटी म्हणजे पी३एचटी.

पहिल्याच आठवड्यात तो समज मोडला. क्लोरोफॉर्ममधलं पहिल्या बाटलीचं द्रावण नारिंगी होतं. काचेवर टाकून स्पिन कोटर, म्हणजे काच गरगर फिरवून द्रावणाचा पातळ थर (फिल्म) पसरवणारं यंत्र, सुरू केला आणि फिरता फिरताच, डोळ्यांदेखत, ती काच पिकल्या जांभळासारखी झाली. दुसऱ्या बाटलीची फिल्म मात्र वाळल्यावरही फिकट नारिंगीच राहिली. स्पेक्ट्रोमीटरवर नारिंगी फिल्मचं शोषण ४५० नॅनोमीटरच्या आसपास, तर जांभळीचं ५२० ते ५५० मध्ये आणि शिवाय ६०० च्या थोडं पुढे एक खांदा, म्हणजे आलेखाच्या उतारावरचा छोटा उंचवटा. तो खांदा मी त्या दिवशी वहीत लाल पेनाने काढून ठेवला.

उत्तराचा पहिला धागा मला घरी मिळाला. आमचं गाव चोपडा तालुक्यात, घरची केळी. सुटीत गेले तेव्हा कापणी चालू होती आणि आबा बॉक्स भरून घेत होते. प्रत्येक फणीचा बाक पुढच्या फणीच्या बाकात बसला पाहिजे, यावर त्यांची सारखी नजर. मला म्हणाले, "येक फणी उलटी बसनी का पुरा बॉक्स वाया जास." उलटी फणी शेजारचीला टेकत नाही, मध्ये पोकळी राहते, वाटेत घासून माल काळा पडतो.

पी३एचटीची साखळी थायोफिनच्या कड्यांची असते. कड्यात चार कार्बन आणि एक गंधक, आणि प्रत्येक कड्याला सहा कार्बनची एक शेपटी. ही शेपटी वीज नेत नाही; पण ती नसेल तर पॉलिमर विरघळतच नाही, मग फिल्म कशाची करणार? सगळ्या शेपट्या ठरावीक क्रमाने एकाच दिशेला लागल्या की कडी एका पातळीत सपाट राहतात आणि इलेक्ट्रॉनला साखळीभर मोकळं रान मिळतं. ही रेजिओरेग्युलर बाटली. दुसरीत शेपट्या कशाही लागलेल्या. दोन शेपट्या समोरासमोर आल्या की त्यांची टक्कर होते, कडी पिळवटतात, इलेक्ट्रॉनचा रस्ता तिथेच तुटतो. रंगातला फरक या पिळातूनच येतो.

पण साखळी सपाट असून भागत नाही. विद्युतभाराला एका साखळीवरून शेजारच्या साखळीवर उडी मारायची असते. चांगल्या फिल्ममध्ये दोन साखळ्यांच्या कड्यांत साधारण ३.८ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) अंतर असतं, तर शेपट्यांच्या बाजूने तेच अंतर सुमारे १६ अँगस्ट्रॉम. उडी जवळच्या बाजूनेच पडणार. ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह फिल्मला समांतर जातो, म्हणून साखळ्या काचेवर काठावर उभ्या राहायला हव्यात, आडव्या निजायला नकोत. १९९९ मध्ये सिरिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की केवळ या उभ्या-आडव्या ठेवणीने मोबिलिटीत, म्हणजे विद्युतभार किती सहज सरकतो त्यात, शंभरपटीहून जास्त फरक पडतो. तो पेपर मी तीनदा वाचला. सोलर सेलला उलट हवं असतं, कारण तिथे प्रवाह वर-खाली जातो. म्हणजे एकच रेणू एका कामाला उत्तम आणि दुसऱ्याला कच्चा ठरू शकतो. हे मला अजूनही फार सुंदर वाटतं.

एप्रिल लागला आणि माझ्या फिल्म बिघडायला लागल्या. बाहेर जळगावचं ऊन चव्वेचाळीसच्या घरात, लॅबचा एसी बंद. क्लोरोफॉर्म ६१ अंशांवर उकळतो. तापलेल्या खोलीत तो काचेवर पडताच उडून जायचा. फिल्मवर रेघोट्या, आणि माझा तो ६०० चा खांदा बसलेला. पंधरा काचा वाया गेल्या. पी३एचटी मिलिग्रॅमवर मोजून वापरायचं महाग पावडर, मला रात्री झोप येईना.

साखळ्यांना नीट बसायला वेळच मिळत नव्हता, आणि तो खांदा तर त्या नीट बसल्याचीच खूण. हे लक्षात आल्यावर मी द्रावक बदलला. क्लोरोबेंझिन १३१ अंशांच्या आसपास उकळतं, सावकाश सुकतं. स्पिन कोटरचा वेग कमी केला, फिल्म ओलसर असतानाच तिच्यावर पेट्री डिश उपडी घातली आणि वाट पाहिली. मग नायट्रोजनखाली हॉट प्लेटवर १२० अंशांना दहा मिनिटं. पहाटे साडेपाचला लॅब उघडून घ्यायचे, कारण नऊनंतर काम करणं शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी खांदा परत आला, आधीपेक्षा ठळक.

ट्रान्झिस्टरचं मापन दुसऱ्या एका संस्थेत होतं. ऑक्सिजन आणि उजेडाने पी३एचटी खराब होतं, म्हणून नमुने नायट्रोजन भरलेल्या डब्यात, वरून ॲल्युमिनियम फॉइल, आणि रात्रीची गाडी. डबा मी रात्रभर मांडीवर धरून बसले.

नारिंगी फिल्मवर गेटचा, म्हणजे ट्रान्झिस्टरमधला प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या टोकाचा, व्होल्टेज बदलला तरी प्रवाह जेमतेम हलला. क्लोरोफॉर्मवाली जांभळी बरी चालली. क्लोरोबेंझिनवाली तिच्यापेक्षाही काही पटींनी सरस निघाली, आणि पदार्थ तर त्याच बाटलीतला. स्क्रीनवर ते वक्र एकावर एक चढताना पाहून मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आता उत्तर सांग." मी आबांच्या बॉक्सपासून सुरुवात केली.