दिवाळीच्या सुटीत रामेश्वरम बेटावर वाऱ्याची वाट पाहताना

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात शिक्षक असलेल्या माणसाला काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाणी कापत जाण्याचा खेळ, का शिकावासा वाटला, हे येथे सांगत बसत नाही. २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत मी वर्ध्याहून चेन्नईमार्गे मंडपमला पोहोचलो. बेटाला जोडणारा नवा पांबन रेल्वेपूल तेव्हा सुरू झालेला नसल्यामुळे पुढे बेटावर रस्त्यानेच जावे लागले. तेथील प्रशिक्षण केंद्राचे आगाऊ शुल्क भरण्यापूर्वी मी त्यांना फोनवर एकच प्रश्न विचारला होता, तो म्हणजे वारा असतो का. ‘वर्षभर असतो,’ असे उत्तर मिळाले आणि मी ते खरे मानले.

पहिले तीन दिवस वाऱ्याचा वेग आठ नॉट्सच्या, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरच्या, वर गेला नाही. माझ्या वजनाला बारा चौरस मीटरचा पतंगही किमान बारा-तेरा नॉट्स मागतो. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा स्थिर होता, दुपारी पाऊस येत होता आणि मी शुल्क भरलेला विद्यार्थी म्हणून वाळूवर बसून होतो. नैर्ऋत्येचा वारा सप्टेंबरनंतर ओसरतो आणि ईशान्येचा डिसेंबरच्या सुमारास नेमाने वाहू लागतो, मधले महिने अधांतरी जातात, ही गोष्ट मला तेथील चहावाल्याने सांगितली. ज्यांनी पैसे घेतले त्यांनी नव्हे.

चौथ्या दिवशी दक्षिणेकडून चांगला पंधरा नॉट्सचा वारा सुटला, तरी प्रशिक्षकाने पतंग उघडू दिला नाही. मी चिडलो. आम्ही बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पाल्कच्या उपसागराच्या बाजूला होतो आणि तेथे हा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. अशा वाऱ्यात फळी सुटली किंवा पतंग पाण्यात पडला, तर नवखा माणूस किनाऱ्यापासून दूर दूरच जातो. त्यातच झाडाझोपड्यांवरून आलेला वारा धक्क्याधक्क्याने येतो. हे ऐकल्यावर मला आमचे खळे आठवले. तूर उफणताना बाबा तिपाईवर टोपले धरून थांबत, कारण झटक्याने येणारा वारा भुशाबरोबर दाणाही उडवतो. प्रशिक्षकाचे म्हणणे पटले, पण राग गेला नाही. अखेर सामान जीपमध्ये भरून आम्ही मन्नारच्या आखाताकडील दक्षिण किनाऱ्यावर गेलो, जेथे तोच वारा समुद्रातून जमिनीकडे येणार होता. मात्र जीप मिळण्यात दीड तास गेला आणि आम्ही पोहोचलो तेव्हा वारा पडलेला होता. पाचव्या दिवशी मी परतलो. शुल्क परत मिळाले नाही, ‘पुढच्या खेपेस वळते करू’ एवढेच तोंडी आश्वासन मिळाले. म्हणून सांगतो, असे आश्वासन लिहून घ्यावे. मला ते वळते करून घेण्यासाठी चार महिने फोन करावे लागले.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, ही सोय मला आधी सुचायला हवी होती. २०२५ च्या जूनमध्ये गेलो तेव्हा गाडी नव्या पुलावरून थेट रामेश्वरमला गेली आणि नैर्ऋत्येचा वारा रोज सोळा ते वीस नॉट्सच्या दरम्यान मिळाला. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की पतंग काढण्याजोगा वारा आहे, हे दुसऱ्या दिवशी मलाच ओळखता येऊ लागले. फळीशिवाय ओढले जाण्याचा सराव दोन दिवस चालला आणि चौथ्या दिवशी मी फळीवर साधारण शंभर मीटर उभा राहिलो. विहिरीत पोहणे शिकलेल्या माणसाने खाऱ्या पाण्याची धास्ती घेऊ नये, तेथे शरीर उलट अधिक तरंगते. आणखी एक राहिले, पतंग अंगापासून सोडवण्याची कळ आधी वाळूवर डोळे मिटून दहा वेळा ओढून पाहावी.

निघायच्या दिवशी मी हिशेबाच्या टेबलापाशी उभा असताना तेथील फोन वाजला. कोणीतरी दिवाळीच्या सुटीतल्या जागेबद्दल विचारत असावे. ‘वारा वर्षभर असतो,’ असे उत्तर मी पुन्हा ऐकले.