मस्ट, शुड आणि मे

मंगळवार, रात्री उशिरा

संध्याकाळी भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेतला. दहावीला वाक्यातला मोडल ऑक्झिलिअरी (मस्ट, मे, शुडसारखं सहायक क्रियापद) ओळखून तो काय दाखवतो ते लिहायचं असतं. तिचं पाठांतर चोख: मस्ट म्हणजे सक्ती, मे म्हणजे परवानगी, शुड म्हणजे सल्ला. मग 'यू मस्ट बी टायर्ड' आलं. ती म्हणाली, "मामा, दमायची सक्ती कोण करतं?"

खरंय. इथे सक्ती नाहीच, समोरच्याचा चेहरा बघून बांधलेला अंदाज आहे. 'ही मस्ट हॅव गॉन' म्हणजेही 'गेला असणार'. भूतकाळातली सक्ती सांगायची तर 'ही हॅड टू गो'. नकारात तर आणखी गंमत. 'यू मस्ट गो' आणि 'यू हॅव टू गो' शेजारी शेजारी नांदतात, पण 'यू मस्ट नॉट गो' म्हणजे जायचं नाही आणि 'यू डोन्ट हॅव टू गो' म्हणजे नाही गेलीस तरी चालेल. हे तिला पटकन कळलं, कारण दुसरं वाक्य तिच्या सोयीचं होतं.

'ही गोज'सारखा मोडलला एस का लागत नाही, हेही तिने विचारलं. कॅन, मे, शॅल, मस्ट ही मुळात भूतकाळी घडणीची रूपं, पुढे वर्तमानाच्या अर्थाने रुळली. भूतकाळाला एस कुठून लागणार? परीक्षेत याला अर्धा गुणही नाही, पण मला सांगायला आवडतं.

योगायोग म्हणजे आज ऑफिसातही हाच वाद. स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं ते सांगणाऱ्या कागदात, 'शुड' होतं. ते पाळलं नाही म्हणून टेस्टरने बग नोंदवला, डेव्हलपर म्हणाला, "मस्ट कुठे लिहिलंय?" इंटरनेटच्या मानकांत हे भांडण मार्च 1997 मध्येच मिटवलंय, आरएफसी 2119 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). मस्ट म्हणजे अनिवार्य. शुड म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणामांचा नीट विचार करून. मे म्हणजे पूर्ण ऐच्छिक. 2017 मध्ये आरएफसी 8174 ने पुस्ती जोडली की हे अर्थ फक्त कॅपिटल अक्षरांतल्या शब्दांना लागू. आमच्या कागदात शुड स्मॉलमध्ये, आणि आरएफसीचा उल्लेखही नाही. म्हणजे दोघेही मोकळे! शेवटी लिहिणाऱ्यालाच फोन लावला. त्याला मस्टच म्हणायचं होतं, पण शुड जरा सभ्य वाटलं म्हणे.

उद्या भाचीचं 'कुड' आणि 'वॉज एबल टू' घ्यायचंय. 'काल धावत जाऊन गाडी पकडली' याला ती नक्की कुड लावणार, हवं मात्र 'वॉज एबल टू'.