मट्टनचेरीचे परदेशी सिनेगॉग

कोचीच्या मुक्कामातील एक सकाळ मी मट्टनचेरीसाठी राखून ठेवली होती. शनिवारी, म्हणजे शब्बाथ या ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, तेथील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, पर्यटकांना बंद असते, म्हणून मुद्दाम गुरुवार निवडला. सुंठ-मिऱ्यांच्या वासाने भरलेल्या ज्यू टाऊनच्या अरुंद गल्लीच्या टोकाला १७६० साली उभारलेला घड्याळाचा मनोरा दिसतो. त्याच्या तबकड्यांवर रोमन, हिब्रू आणि मल्याळी असे निरनिराळे आकडे आहेत. सिनेगॉग त्याहून जुने, १५६८ चे, आणि कोचीच्या राजाने आपल्या राजवाड्याला लागून दिलेल्या जागेवर बांधलेले. ‘परदेशी’ या नावाचा अर्थ मराठी माणसाला विचारावा लागत नाही. स्पेनकडून आणि पश्चिम आशियातून मागाहून आलेले ते परदेशी ज्यू, आणि त्यांच्या कितीतरी आधीपासून केरळात नांदणारे ते मलबारी ज्यू.

चपला बाहेर काढून आत शिरलो, तो निळ्या-पांढऱ्या फरशांचा गारवा तळव्यांना जाणवला. अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या या फरशा हाताने रंगवलेल्या आहेत. वाकून शेजारशेजारच्या दोन न्याहाळल्या : चित्र तेच, पण एकीवरची फांदी जरा कललेली, दुसरीवर कुंचल्याची रेघ जाड उमटलेली. वर बेल्जियमच्या काचेची झुंबरे आणि मधोमध पितळी कठड्याचे व्यासपीठ.

मन रेंगाळले ते मात्र बाहेरच्या दालनात. ज्यांचे पूर्वज कधीकाळी गुलाम होते आणि पुढे मुक्त झाले, त्या ज्यूंना परदेशी समाजाने बरोबरीचे मानले नाही. धर्म एक, प्रार्थना एक, तरी त्यांना या दालनात जमिनीवर बसावे लागे आणि तोरा हा धर्मग्रंथ वाचण्यासाठी पुढे बोलावले जात नसे. अब्राहम बराक सालेम हे त्यांच्यातलेच वकील. गांधीजींच्या मार्गाने त्यांनी इथे सत्याग्रह केला आणि आतल्या बाकावर बसण्याचा हक्क मिळवला; लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणू लागले. नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह मला तिथे उभ्या उभ्या आठवला. झुंबरांच्या आधी पर्यटकांना ही हकीकत सांगायला हवी, असे मला मनापासून वाटते.

इस्रायलच्या स्थापनेनंतर इथली बहुतेक कुटुंबे तिकडे निघून गेली. परतताना मी त्या दालनात पुन्हा थांबलो. तिथून आतले व्यासपीठ स्पष्ट दिसत होते, अगदी थोड्या पावलांवर.