ती छोटी बाटली

"सगळं सांगितल्यासारखंच केलं होतं हो, सिस्टर," गुंगी उतरल्यावर काका म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, नुकतीच वाया गेली होती.

स्क्रीनवर गुलाबी भिंतीच्या जागी काळपट, चिकट थर दिसत होता. डॉक्टर पाणी मारत होते, ओढून घेत होते, तरी थर हलेना. मोठ्या आतड्याच्या तीन भागांना स्वच्छतेचे 0 ते 3 गुण देतात, त्याला बॉस्टन स्केल म्हणतात. प्रत्येक भागाला किमान 2 हवेत. काकांच्या उजव्या भागाला 1 मिळाला. चपटे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या भिंतीवरच्या गाठी, त्याच बाजूला जास्त लपतात, त्यामुळे "काही सापडलं नाही" असं लिहिण्यात अर्थ नव्हता.

मी फाइल घेऊन त्यांच्याजवळ बसले. वय सत्तरीचं, हिमोग्लोबिन 7 च्या आसपास, रक्त कुठून जातंय ते कळत नव्हतं. लोहाची गोळी त्यांनी तपासणीच्या सकाळीसुद्धा घेतली होती. का? आमच्या सूचनांच्या कागदावर "नेहमीची औषधं चालू ठेवा" एवढंच होतं. तो कागद मीच तयार केला होता. लोहाने शौच काळं आणि चिकट होतं, म्हणून ती गोळी किमान पाच-सात दिवस आधी बंद करावी लागते. हे मला पाठ होतं, पण कागदावर आलं नव्हतं. शिवाय पोट साफ करायचं चार लिटरचं औषध त्यांनी आदल्या संध्याकाळी एकदमच प्यायला घेतलं. अडीच लिटरवर उलटी झाली, तिथे सोडलं. तपासणी दुसऱ्या दिवशी दुपारी. एवढ्या तासांत लहान आतड्यातलं पित्त आणि चिकट स्राव उजव्या बाजूला पुन्हा येऊन बसतात.

निघताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी ते चार लिटर नको. हिच्या तपासणीच्या वेळची छोटी बाटली घरात पडून आहे. दोन घोटांत काम होतं."

मुलीला फोन करून लेबल वाचायला सांगितलं. सोडियम फॉस्फेट. मी फाइल पुन्हा उघडली. क्रिएटिनिन 2.4, म्हणजे मूत्रपिंड कमजोर; शिवाय रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी. माझ्या हाताला घाम फुटला.

हे औषध शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं, आणि फॉस्फेट मात्र रक्तात शिरतं. मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणं जमलं नाही, तर कॅल्शियम फॉस्फेटचे कण मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतच साचतात, आणि ती इजा कायमची राहू शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2008 मध्ये याबद्दल कडक इशारा दिला होता. मॅग्नेशियम असलेली औषधंही अशा रुग्णाला नकोत, कारण तेही रक्तात साचतं. काकूंना जे निभावलं, ते काकांना डायलिसिसपर्यंत नेऊ शकलं असतं.

"ती बाटली तुमच्यासाठी नाही, काका," मी म्हटलं आणि कारण सांगितलं. त्यावर त्यांनी जे विचारलं, ते मला फार मोलाचं वाटलं: "मला पाणी मोजून प्यायला सांगितलंय. मग चार लिटर कसे चालतात?"

ते चार लिटर म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं द्रावण, क्षारांचा तोल राखून बनवलेलं असतं. ते जवळपास शोषलंच जात नाही, आतडं धुऊन निघून जातं. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाला तेच त्यातल्या त्यात सुरक्षित. वरून प्यायचं पाणी मात्र मोजायचं. हे त्यांना पटलं.

डॉक्टरांनी तेच औषध दोन हप्त्यांत दिलं: अर्धं आदल्या रात्री, अर्धं तपासणीआधी पाच तास सुरू करून दोन तास आधी संपवायचं. गार करून, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, मळमळलं तर अर्धा तास थांबा. लोह आठवडाभर बंद. बिया-साली असलेलं खाणंही आधीच बंद. मी रात्री नऊला फोन केला, पहाटे पुन्हा केला. पहाटे ते म्हणाले, "आता नुसतं पिवळं पाणी होतंय." तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला.

या वेळी गुण 2, 3, 3. मोठं आतडं निर्दोष होतं. जठराची तपासणी आधीच झाली होती, त्यामुळे उरलं लहान आतडं, म्हणजेच कॅप्सूल एंडोस्कोपी: गोळीएवढा कॅमेरा गिळायचा.

"परत पोट साफ?" काका दमले होते. मला वाईट वाटलं, पण दुर्बिणीच्या नळीला, म्हणजे स्कोपला, पाणी मारता येतं, घाण ओढता येते. कॅप्सूलला यातलं काहीच जमत नाही. ती आठ तासांत 50,000 हून अधिक फोटो काढते, आणि समोर बुडबुडे असतील तर बुडबुड्यांचेच काढते. म्हणून दोन लिटर तेच द्रावण आणि बुडबुडे फोडायला सिमेथिकोन. फॉस्फेट इथेही नकोच. त्याने आतड्यात बारीक व्रण उठू शकतात, आणि मग ते आजाराचे की औषधाचे हे सांगता येत नाही.

फोटो बघताना मी डॉक्टरांच्या मागे उभी होते. लहान आतड्याच्या वरच्या भागात, स्वच्छ भिंतीवर, टाचणीच्या डोक्याएवढा लालभडक ठिपका. पुढे आणखी दोन. अँजिओएक्टेसिया, मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णांत वारंवार आढळणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्या.

मी काकांना फोन लावला. जागा सापडली, लांब एंडोस्कोपने त्या जाळून बंद करता येतील, असं सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "त्यालाही प्यावं लागेल का हो, सिस्टर?"

"वरून जायचंय. या वेळी फक्त उपाशी राहायचं."